टाकी शाबूत आहे, हे कशावरून?

बर्लिन शहराच्या मध्यभागी एका हॉटेलच्या प्रवेशदालनात 'ॲक्वाडोम' नावाचे मत्स्यालय होते. डिसेंबर २००३ मध्ये ते खुले झाले. ॲक्रिलिकचे उभे नळकांडे, उंची सुमारे १४ मीटर, व्यास साडेअकरा मीटर, आत दहा लाख लिटर खारे पाणी आणि सुमारे दीड हजार मासे. नळकांड्याच्या पोटातून लिफ्ट जात असे. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास हे सारे एकाएकी फुटले. पाणी हॉटेलातून थेट रस्त्यावर आले, जवळपास सर्व मासे मेले, दोन माणसे जखमी झाली. त्या वेळी दालनात वर्दळ नव्हती, म्हणूनच जखमींचा आकडा दोनवर थांबला.

या घटनेची जी स्पष्टीकरणे छापून आली, ती आम्ही शिक्षकाच्या नजरेने वाचली. कारण अशी स्पष्टीकरणे दुसऱ्या दिवशी वर्गात येतात आणि विद्यार्थी विचारतात, "सर, हे बरोबर आहे का?" त्यांतली काही चूक आहेत, काही अर्धीच बरोबर आहेत. आणि खरा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनीच बाजूला ठेवला आहे: आदल्या दिवशी कोणी त्या टाकीसमोर उभे राहून ती शाबूत आहे की नाही हे ठरवायला निघाले असते, तर त्याने नेमके काय पाहायचे होते?

पहिले स्पष्टीकरण असे, की दहा लाख लिटर पाण्याचा प्रचंड दाब भिंतीला सोसला नाही. पदार्थविज्ञानाचे शिक्षक यावर लगेच हरकत घेतील, की द्रवाचा दाब त्याच्या एकूण प्रमाणावर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो. हरकत रास्त आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरली, तर १४ मीटर खोलीवर दाब साधारण १ लाख ४० हजार पास्कल येतो. सायकलच्या टायरमध्ये आपण याहून जास्त दाबाची हवा भरतो! मग एवढ्या दाबाने काय होणार?

पण इथे थांबणारा शिक्षकही अर्ध्यावरच थांबतो. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव आठवा. आतले लाकूड बाहेर रेटते आणि धाव परिघाच्या दिशेने ताणली जाते. गोल टाकीच्या भिंतीचेही तसेच. भिंतीतले हे ताण-प्रतिबल काढायचे असेल, तर दाबाला त्रिज्येने गुणायचे आणि जाडीने भागायचे. म्हणजे टाकी जितकी रुंद तितकी भिंत अधिक ताणलेली, मग खोली तीच का असेना. 'दहा लाख लिटर' या शब्दांत त्रिज्या लपलेली आहे. त्यामुळे बातमीदार अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी चुकीच्या राशीचे नाव घेतले, इतकेच.

आता गणित करू. भिंतीची जाडी २० सेंटीमीटर मानू. त्रिज्या पावणेसहा मीटर. प्रतिबल येते सुमारे ४० लाख पास्कल, म्हणजे ४ मेगापास्कल. (अगदी बुडाशी भिंत जखडलेली असल्याने तिथे वाकण्याचाही ताण असतो, तो आपण सोडून देऊ.) चांगल्या ॲक्रिलिकची पट्टी यंत्रात ओढून तोडली, तर ती ७० मेगापास्कलच्या आसपास तुटते. याचा अर्थ टाकी सतरा पट सुरक्षित! आणि इथूनच दुसरे आवडते वाक्य जन्माला येते: 'ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी पट मजबूत असते.' हे वाक्य मत्स्यालयांच्या माहितीपत्रकांत असते, तसे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही असते. आमचा सर्वांत मोठा आक्षेप या वाक्यावर आहे.

मजबूत म्हणजे काय? हातोड्याचा घाव सोसण्यात ॲक्रिलिक काचेपेक्षा सरस आहे, हे खरे. पण टाकीवर कोणी हातोडा मारत नाही. तिच्यावर एकच भार वर्षानुवर्षे, रात्रंदिवस असतो. ७० हा आकडा काही मिनिटांत तोडलेल्या, गुळगुळीत, निर्दोष पट्टीचा आहे. वर्षानुवर्षे ताणलेल्या ॲक्रिलिकमध्ये याहून पुष्कळ कमी प्रतिबलाला बारीक चंदेरी रेषा उमटू लागतात. या रेषा म्हणजे पुरत्या चिरा नव्हेत. त्यांच्या दोन काठांना बहुवारिकाचे अतिसूक्ष्म तंतू अजून धरून असतात. तंतू तुटले, की रेषेची चीर होते.

आणि चीर असली, की सतरा पटींचा हिशेब कोलमडतो. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. तो भिंतीतल्या प्रतिबलाच्या प्रमाणात वाढतो आणि चिरेच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ॲक्रिलिकच्या चिवटपणाचा सर्वसाधारण आकडा घेऊन आम्ही गणित केले, तर ४ मेगापास्कल ताणाखाली सुमारे दीड सेंटीमीटर खोल चीर पुरेशी ठरते. त्यापुढे ती आपोआप, आवाजाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा गतीने धावते. वीस सेंटीमीटर जाड भिंतीत दीड सेंटीमीटर! वाकण्यामुळे एखाद्या जागी प्रतिबल दुप्पट झाले, तर ही खोली चौथ्या हिश्शावर, चार मिलिमीटरवर येते. धोक्याच्या खोलीपेक्षा लहान चीरही स्वस्थ बसत नाही. कायम भाराखाली ती रोज किंचित वाढत राहते. एकोणीस वर्षे उभी राहिलेली टाकी म्हणून एका पहाटे फुटू शकते, त्या रात्री काहीही वेगळे घडलेले नसताना.

त्याच दिवशी बर्लिनच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या मंत्री इरिस श्प्रांगर यांनी पहिल्या खुणा पदार्थाच्या थकव्याकडे बोट दाखवतात, असे सांगितले. लगोलग तो शब्द जगभर गेला. थकवा म्हणजे भार पुन्हा पुन्हा चढून उतरण्याने होणारी हानी: तार वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून तोडावी तशी. या टाकीवरचा भार मात्र जवळजवळ स्थिर होता. मंद चीर-वाढ हे तिचे नेमके नाव झाले असते. थंडीचेही तसेच. बाहेर गोठवणारी थंडी होती, हे खरे. तापमानाने ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते, हेही खरे. १४ मीटर उंचीत १० अंशांच्या फरकाने जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक पडतो. पण टाकी उबदार इमारतीच्या आत होती आणि पाणीही उष्ण कटिबंधातल्या माशांना मानवणारे, कोमट होते. 'बाहेर थंडी होती' हे वाक्य पुरावा म्हणून तोकडे आहे.

या सगळ्या घाईच्या तुलनेत आम्हांला आवडला तो तपासणी अहवालाचा निष्कर्ष. इमारतीच्या मालकांनी श्टुटगार्ट विद्यापीठातील प्लॅस्टिक-तंत्रज्ञ ख्रिस्टियान बोन्टेन यांना हे काम दिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी तीन शक्यता मांडल्या: एखादा चिकटवलेला सांधा निकामी झाला, २०१९ पासूनच्या डागडुजीत बुडाजवळ एखादी खाच पडली, किंवा त्या काळात टाकी फार वेळ कोरडी राहिली आणि ॲक्रिलिक सुकले. यांपैकी नक्की कोणती, हे ठरवता येत नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. अनेकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. आम्हांला तो विज्ञानाच्या तासाला वाचून दाखवावा असा वाटतो. फक्त बातम्यांत या तीन शक्यता एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असल्याच्या थाटात आल्या, ते पटत नाही. सुकण्याने सांध्यावर जादा ताण येऊ शकतो आणि त्याच सांध्याशेजारी खाचही असू शकते.

सुकण्याची शक्यता वाचून बहुतेकांनी भुवया उंचावल्या असतील. प्लॅस्टिक कसले सुकते? पण ॲक्रिलिक आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी शोषते आणि किंचित फुगते. टाकी रिकामी केली, की आतला पृष्ठभाग आधी सुकून आकसू लागतो. खोलवरचा भाग मात्र फुगलेलाच असतो. मग पृष्ठभागावर ताण येतो. उन्हात तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणजे 'नुकतीच डागडुजी झाली आहे' हे वाक्य ग्राहकाला दिलासा देते, तर तपासणाऱ्याने ते ऐकून कान टवकारायला हवेत. ही टाकी २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा लोकांसाठी खुली झाली होती.

मग पाहायचे काय? वय हा वाईट निकष आहे. दुबई मॉलमधले मत्स्यालय नोव्हेंबर २००८ मध्ये उघडले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये गळले. त्याची दर्शनी भिंत तर ७५ सेंटीमीटर जाड. तिथे आधी गळती दिसली, दुरुस्ती झाली. बर्लिनमध्ये भिंत थेट फुटली. म्हणून 'गळत नाही' हाही निकाल होऊ शकत नाही. स्वच्छ पारदर्शकपणा तर काहीच सांगत नाही, कारण समोरून पाहिले तर चंदेरी रेषा दिसतच नाहीत. त्या तिरप्या उजेडात, विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून, कोन बदलत पाहाव्या लागतात. सांध्यालगत आणि बुडाशी आधी पाहावे. एकदा पाहून भागत नाही. जागेचा नकाशा करून रेषांची लांबी नोंदवावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावी. वाढणारी छोटी रेषा ही न वाढणाऱ्या लांब ओरखड्यापेक्षा अधिक गंभीर. आणि बुडाचा जो भाग चौकटीत गाडलेला आहे, तो पाहिलाच नाही असे अहवालात लिहावे. 'सर्व ठीक' या दोन शब्दांत तो झाकू नये.

वर्गात यातले दोन प्रयोग करता येतात. पारदर्शक प्लॅस्टिकचा गुण्या उजळ पांढऱ्या एलसीडी पडद्यासमोर धरून ध्रुवण करणाऱ्या गॉगलमधून पाहा. आत कोंडलेल्या ताणाचे रंगीत पट्टे दिसतील. (ॲक्रिलिकमध्ये हे रंग फिके असतात. म्हणून रंग दिसले नाहीत तर ताण नाही, असे मुलांना सांगू नका.) दुसरा प्रयोग पाट्या बनवणाऱ्याकडे मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या कात्रणांचा. एक पट्टी वाकवून शिकंजात अडकवा, एक सरळच ठेवा. दोन्हींवर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस ठेवा. थोड्या वेळाने वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या अंगावर बारीक रेषा उमटू लागतील. सरळ पट्टी तशीच राहील. डोळ्यांवर चष्मा हवा आणि जवळपास ज्योत नको. मत्स्यालयाची भिंत स्पिरिट असलेल्या द्रावणाने का पुसू नये, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

टाकी उभारतानाच त्याच रसायनाने सांधलेल्या काही पट्ट्या तयार करून, त्याच पाण्यात ताणाखाली ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी एक तोडून पाहावी, असे आम्ही सुचवू. त्यातून सांध्याचे वय कळेल. कोणाच्या हत्यारामुळे पडलेली खाच मात्र कळणार नाही. तिच्यासाठी टाकी रिकामी करूनच पाहावे लागते, आणि रिकामी टाकी सुकू लागते. तेव्हा ते काम चालू असेपर्यंत आतली भिंत पाणी फवारून ओली ठेवावी आणि टाकी किती दिवस कोरडी होती, याची तारीखवार नोंद तपासणीच्या कागदांत असावी.