दुःख सांगून झाल्यावर

गेल्या काही वर्षांतली मराठी आत्मकथनं एकापाठोपाठ वाचत गेलो आणि माझा राग वाढत गेला. लिहिणाऱ्यांवर कमी, त्यांच्याकडून असं लिहून घेणाऱ्यांवर जास्त. पुस्तक कुणाचंही असो, आराखडा ठरलेला. पत्र्याचं घर, दारुडा बाप, राबणारी आई, शाळेतला अपमान, रात्रीचा अभ्यास आणि शेवटी पास झालेली परीक्षा. परीक्षा पास झाली की पुस्तक संपतं. त्यापुढची पंचवीस वर्षं, म्हणजे केलेलं काम, वाचलेली पुस्तकं, बदललेली मतं, जोडलेली आणि तुटलेली माणसं, हे सगळं शेवटच्या चार पानांत उरकलेलं. मलपृष्ठावर ‘अंगावर काटा आणणारी संघर्षगाथा’. या माणसावर काय काय गुदरलं ते मला पाठ होतं. तो कशात रमतो, कशात वाकबगार आहे, कशावरून भांडतो, हे तीनशे पानांनंतरही कळत नाही.

तोचतोचपणाची तक्रार दलित आत्मकथनांविरुद्ध ऐंशीच्या दशकातही झाली होती. ती करणाऱ्यांपैकी अनेकांना मुळात ते दुःख ऐकायचंच नव्हतं. माझी तक्रार त्या पंगतीतली नाही. जातीचं दुःख संपलेलं नाही आणि ते सांगायचं थांबवा असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. मला ते दुःख सोसणारा माणूस पुरता हवा आहे.

तो आपल्याकडे होता. ‘बलुतं’ १९७८ साली आलं तेव्हा त्यातल्या कावाखान्याची, मसणवट्याची, भुकेची चर्चा झाली. त्यातली रचना मात्र पुढच्यांनी उचलली नाही. दया पवारांनी स्वतःचे दोन भाग केले: सोसलेलं सांगणारा दगडू मारुती पवार आणि ते ऐकणारा, पांढरपेशा झालेला दया पवार. दोघांमध्ये अवघडलेपण आहे, एकमेकांविषयी शंका आहे. सोसणारा आणि लिहिणारा एकच नव्हेत, हे या एका युक्तीने पवारांनी पहिल्याच पानांत सांगून टाकलं. ‘उचल्या’चंही तसंच झालं. लक्ष्मण गायकवाड पुढे संघटनेच्या कामात शिरतात, मोर्चे काढतात, माणसं जमवतात. वाचकांच्या लक्षात राहिलं ते पाकीटमारीचं शिक्षण. ‘झोंबी’च्या वाटेने निघालेल्या ग्रामीण आत्मचरित्रांनी ‘झोंबी’त भर घातलेली नाही. नटनट्यांच्या आठवणी सोडून देतो. स्पर्धा परीक्षेतल्या यशोगाथा साहित्यात मोडत नाहीत.

खरं बळ बायकांच्या लेखनात आहे आणि मी तिथेच थांबणार आहे.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपात आलं. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिलं. या पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे, आषाढातले देवदेव आहेत, पोतराज आहेत, पोरसवदा सुनांचे सासूकडून होणारे हाल आहेत. आंबेडकरांच्या हाकेनंतर अंग झाडून उठलेली वस्ती आहे, आणि शिकून नोकरीला लागल्यावर वस्ती विसरलेल्यांना सुनावलेल्या चार कडक गोष्टीही आहेत. पुस्तकभर ‘आम्ही’ बोलतो. नवऱ्याचा संशय आणि त्याची मारहाण बेबीताईंनीही सोसली होती. ते त्यांनी पुढे माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत सांगितलं. पुस्तकात त्याला जागा दिली नाही. समाजाचं सोसणं त्यांना स्वतःच्या सोसण्यापेक्षा मोठं वाटलं. या निवडीवर स्त्रीवादी अंगाने आक्षेप घेता येतो, घ्यावाही. पण ती निवड होती. कोणतं दुःख छापायचं आणि कोणतं स्वतःजवळ ठेवायचं हे त्या बाईने स्वतः ठरवलं. आज प्रकाशक ठरवतो.

कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ (१९८१) वाचताना मला दर वेळी हेवा वाटतो. नागपूरची एक दलित मुलगी संस्कृतच्या प्रेमात पडते. शिकवायला गोखले गुरुजी. ते आपल्याला शिकवतील की हाकलतील ही धास्ती मनात, आणि ते जीव ओतून शिकवतात. पुढे एम.ए., पुढे नोकरीसाठी वणवण. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि सरकारी महाविद्यालयात संस्कृतची प्राध्यापकी मिळते; ती पावडेंना मिळाली, सोमकुंवरांना नाही, हा सल त्या लपवत नाहीत. यात अपमान पानोपानी आहे, पण वाचून उठल्यावर मनात राहते ती संस्कृत शिकलेली बाई. तिला एक विद्या येते, त्या विद्येवर तिचा जीव आहे, आणि जात तिच्या आड कुठे आली हे ती त्या विद्येच्या जागेवरून पाहते. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आणि उर्मिला पवार. ‘आयदान’ (२००३) रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यातून मुंबईत येतं. बांबूचं विणकाम करणारी आई, लवकर गेलेले मास्तर वडील, शाळेतली नाटकं, खाण्याचे वास, पाळी, पहिली रात्र, बांधकाम खात्यातली नोकरी, मुलं सांभाळून घेतलेली एम.ए., नवऱ्याशी तंटे, तरुण मुलाचा मृत्यू. मुलाच्या मृत्यूवर पुस्तक संपवणं सहज शक्य होतं आणि विक्रीच्या दृष्टीने सोयीचंही. पवार तसं करत नाहीत. त्यांच्या आयुष्यात सभा आहेत, मैत्रिणी आहेत, कथा आहेत, मीनाक्षी मून यांच्याबरोबर केलेलं संशोधन आहे. ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे त्या संशोधनाचं पुस्तक. आंबेडकरी चळवळीतल्या बायका त्यात बोलतात. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या; घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव तिथे झाले. या बायकांच्या घरी दुःख कमी नव्हतं, पण परिषदेला येताना त्या मागण्या घेऊन आल्या.

नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’चाही इथे उल्लेख हवा. अपंगत्वाची कहाणी म्हणून हे पुस्तक उघडणाऱ्याला कोल्हापुरात संस्था कशी उभी राहिली ते वाचावं लागतं.

इथवर येऊनही आपण मागे का वळलो? माझं उत्तर सरळ आहे. वाचक म्हणून आपण, शिक्षक म्हणून आपण, पुरस्कार देणारे म्हणून आपण, दलिताकडून, भटक्या-विमुक्ताकडून, एकट्या बाईकडून फक्त जखम मागतो. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ वर्गात शिकवताना भुकेचा प्रसंग निवडतो आणि परीक्षेत ‘लेखकाच्या व्यथा स्पष्ट करा’ असा प्रश्न घालतो. ब्राह्मण लेखकाला त्याची शैली विचारतो, त्याचं वाचन विचारतो. दलित लेखकाला त्याची आई काय खायची ते विचारतो. यात करुणा दिसते, पण त्याला विचार करणारा माणूस मानायला दिलेला हा नकार आहे.

आंबेडकरांकडे पाहा. स्वतःच्या झालेल्या अपमानांबद्दल त्यांनी लिहिलेलं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ काही थोड्या पानांचं आहे. लहानपणीचा कोरेगावचा प्रवास, बडोद्यातली पारशी धर्मशाळा, चाळीसगाव, दौलताबाद. शेवटचे दोन प्रसंग तर त्यांचे स्वतःचे नाहीतच, दुसऱ्यांचे आहेत. स्वतःचं दुःख त्यांनी पुरावा म्हणून मांडलं आणि बाजूला ठेवलं. बाकी हजारो पानं रुपयावर, जातिसंस्थेवर, राज्यघटनेवर, बुद्धावर. त्यांचं नाव घेऊन भाषणं करणारे आपण त्यांच्या लेकरांना मात्र पहिल्या प्रसंगातच कोंडून ठेवतो. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मध्ये आत्महत्येपूर्वीच्या शेवटच्या पत्रात कार्ल सेगनसारखं विज्ञानलेखन करायची इच्छा लिहिली होती. त्या पत्रावर मराठीत रकानेच्या रकाने लिहिले गेले. ताऱ्यांवर लिहू पाहणाऱ्या दलित पोराला संपादक मिळाला असता का, हा प्रश्न त्यात मला फारसा दिसला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वाचकाला दुःखच हवं असतं, दुसरं खपत नाही. हे मला मान्य नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. सोवळ्याने झपाटलेले वडील, न सांगता घर सोडून जाणारा नवरा, त्याच्या धर्मांतरानंतरची वर्षानुवर्षांची ताटातूट. आजच्या मापाने ही संघर्षगाथाच. मराठी वाचक ती अजून वाचतो ते लक्ष्मीबाईंच्या बुद्धीसाठी, विनोदासाठी, माणसं वाचणाऱ्या नजरेसाठी. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईने पुरं केलं. वाचकाला असं पुस्तक झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुढचं हस्तलिखित हातात आलं की ‘बालपण अजून फुलवा’ हा शेरा मारण्याआधी लेखकाला त्याच्या कामावरचं प्रकरण मागावं. लेखक सर्पमित्र असेल तर साप मागावेत, गवंडी असेल तर भिंत मागावी, न्यायाधीश असेल तर निकालाआधीची घालमेल मागावी. जात त्या प्रकरणात येईल तिथे येईल, आणि जिथे खरोखर आडवी आली तिथेच येईल.