पुलाखालची रबरी गादी : एका अपुऱ्या स्पष्टीकरणाविषयी

काँक्रीटच्या पुलाची तुळई आणि खांब यांच्यामध्ये रबरी बेअरिंग बसवतात. त्याचे स्पष्टीकरण विज्ञानविषयक लेखनात बहुधा एकाच वाक्यात उरकले जाते : रबर दाबले जाते, म्हणून ते गादीप्रमाणे धक्के शोषते. हे वाक्य सर्वस्वी चूक नाही. गादी भार समान वाटते आणि तुळई वाकताना तिच्या टोकाला येणारा किंचित कलही सामावून घेते. तरीही आमचा आक्षेप असा, की त्यामुळे मुख्य मुद्दाच झाकला जातो.

गादीचे महत्त्वाचे काम आडवे आहे. काँक्रीटचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ धरतात. म्हणजे ३० मीटर लांबीची तुळई तापमान ४० अंशांनी वाढल्यास १४.४ मिलिमीटर लांबते. एक टोक जखडलेले असेल, तर दुसऱ्या टोकाच्या गादीचा माथा तेवढा सरकतो. तळ जागीच राहतो. हे सरकणे रबराच्या एकूण जाडीच्या ०.७ पटीपर्यंतच असावे, अशी मर्यादा इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८७ च्या संहितेत होती. त्या हिशेबाने केवळ तापमानासाठी सुमारे २१ मिलिमीटर रबर लागते. काँक्रीटचे आकुंचन आणि वाहनांच्या ब्रेकचा जोर यांची बेरीज वेगळी.

मग २१ मिलिमीटरचा एकसंध ठोकळा का चालू नये? येथे गादीची उपमा अपुरी पडते. दाबामुळे रबराचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. ते बाजूंनी फुगते. भार घेणारे क्षेत्रफळ भागिले फुगायला मोकळ्या असलेल्या बाजूंचे क्षेत्रफळ, हा झाला आकार-गुणांक. ३०० × ४०० मिलिमीटरच्या अशा ठोकळ्यासाठी तो सुमारे ४ येतो. तेच रबर ७ मिलिमीटरच्या तीन थरांत विभागून मध्ये पोलादी पत्रे घट्ट चिकटवले, तर प्रत्येक थरासाठी तो १२ होतो. गादी उभ्या दिशेत कितीतरी ताठ बनते. आडवी लवचिकता मात्र तेवढीच राहते, कारण ती रबराच्या एकूण जाडीवर अवलंबून असते. इंग्लंडमधील लिंकन येथील पेल्हॅम पुलाखाली १९५७ मध्ये रबरी बेअरिंगे बसवली गेली, तीही याच तत्त्वावर.

‘गादी जितकी जाड तितकी चांगली’ हा समज उपमेतूनच उपजतो. उलट, गादी आडवी पुरेशी लवचिक नसेल, तर प्रसरणाचा जोर खांबावर येतो आणि काँक्रीटला तडे जाऊ शकतात.

शिक्षकांनी एवढेच करावे : जाड खोडरबराच्या बाजूवर उभ्या रेघा काढून तो दोन लाकडी पट्ट्यांमध्ये आधी दाबावा, मग वरची पट्टी आडवी सरकवावी. पहिल्या वेळी बाजू फुगतील, दुसऱ्या वेळी रेघा कलतील. या दोन हालचालींतला फरक विद्यार्थ्यांना दिसला, की उपमेची गरज उरत नाही.