आडनावाचा माग आणि नोंदवहीबाहेरचे मूल

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात आपल्या आडनावाचे मूळ शोधायला निघालेला माणूस शेवटी चर्चपाशी येऊन थांबतो. १५३८मध्ये टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १८३७मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत साधा खेडूत कागदावर उरला असेल, तर तो बहुधा पाद्र्याच्या वहीतल्या दोन-तीन ओळींपुरता. लिहिणारा कानावर पडेल तसे आडनाव लिही, म्हणून एकाच घराण्याचे नाव दर पिढीत वेगळे दिसू शकते. शिवाय या वहीत जन्म नोंदला जात नसे, बाप्तिस्मा नोंदला जाई. हा फरक लहान वाटतो. पण टॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) ही कादंबरी याच फरकावर उभी आहे, असे मला वाटते.

कादंबरीची सुरुवातच आडनावाने होते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मार्लट गावचा फाटका फेरीवाला जॉन डर्बीफील्ड घरी चालला आहे. वाटेत भेटलेला ट्रिंगम नावाचा पाद्री त्याला ‘सर जॉन’ म्हणतो. पाद्र्याला जुन्या वंशावळी उकरण्याचा छंद आहे. त्याला सापडले आहे ते असे: डर्बीफील्ड म्हणजे मूळचे डर्बरव्हिल, विजेत्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आलेल्या सरदाराचे वंशज. मूळ नावातला ‘द’ म्हणजे आपल्या आडनावांतला ‘कर’च. खेड्यातल्या जिभांनी तो झिजवून टाकला. जॉन विचारतो, मग मी आता काय करावे? पाद्र्याचे उत्तर थोडक्यात असे, की करण्यासारखे काही नाही. जमीन गेली, वाडे गेले; किंग्सबीअरच्या चर्चमध्ये पूर्वजांची थडगी तेवढी आहेत.

हार्डीने हे हवेतून घेतलेले नाही. डॉर्सेटमधल्या बीअर रीजिस गावाला त्याने किंग्सबीअर केले. तिथल्या चर्चमध्ये टर्बरव्हिल या खऱ्या घराण्याची थडगी आणि त्यांच्या नावाची खिडकी आहे. स्वतः हार्डीलाही आपले घराणे जर्सी बेटावरच्या जुन्या कुळातून आले आणि पुढे उतरणीला लागले, असे वाटत असे. म्हणजे जॉनच्या भोळ्या अभिमानाला हसताना लेखक स्वतःलाही वगळत नाही.

पण या कादंबरीवर लिहिताना बहुतेकांचे लक्ष रक्ताच्या वारशाकडे जाते: टेसच्या चेहऱ्यात जुन्या तसबिरींची छटा, घराण्याचा शाप वगैरे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. आडनावाची बातमी कळल्यानंतर ती प्रत्यक्षात काय काय घडवते, हे हार्डीने हिशेबाच्या वहीसारखे मांडले आहे. बातमीच्या आनंदात बाप पितो, म्हणून मधमाश्यांची पोळी बाजारात न्यायला टेसला रात्री गाडी हाकावी लागते. अपघातात घोडा मरतो. पोट भरायचे साधन गेले, म्हणून आई तिला ‘नातेवाईक’ डर्बरव्हिलांकडे पाठवते. ते नातेवाईकच नाहीत. उत्तरेत पैसा कमावलेल्या सायमन स्टोक नावाच्या व्यापाऱ्याने ब्रिटिश म्युझियममधल्या पुस्तकातून, नामशेष झालेल्या घराण्यांच्या यादीतून हे नाव उचलले आहे. ज्यांचे नाव आहे त्यांना ते पेलत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना ते फुकट मिळते. त्या घरच्या ॲलेकपासून टेसला मूल होते.

आणि इथे कादंबरीतला सर्वांत जळजळीत प्रसंग येतो. बाळ आजारी आहे, वाचणार नाही. टेसला पाद्र्याला बोलावून बाप्तिस्मा करायचा आहे. बाप नुकताच गुत्त्यावरून आला आहे. घराण्याच्या मोठेपणाची आणि लेकीने त्याला लावलेल्या डागाची जाणीव त्याला त्याच वेळी सर्वांत तीव्र आहे. तो दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकतो. टेस भावंडांना उठवते आणि रात्री स्वतःच बाळाचा बाप्तिस्मा करते. त्याचे नाव ठेवते ‘सॉरो’, म्हणजे दुःख. बाळ जाते. गावचा पाद्री ख्रिस्ती रीतीने दफन करायला धजत नाही. चर्चच्या माणसाला एक शिलिंग आणि बिअरचा एक पेला देऊन कंदिलाच्या उजेडात बाळाला पुरले जाते, आवाराच्या त्या कोपऱ्यात जिथे बाप्तिस्मा न झालेली मुले, दारुडे आणि आत्महत्या केलेले यांना जागा मिळते.

नोंदींतून हाती आलेला आडनावाचा अभिमान पुढच्या पिढीला नोंदवहीबाहेर ठेवतो, ही या कादंबरीतली खरी शोकांतिका आहे. उद्या दुसरा ट्रिंगम वंशावळ काढायला आला, तर त्याला सर पेगन डर्बरव्हिल सापडेल, सॉरो सापडणार नाही. पुढे बाप मरतो तेव्हा घरही जाते, कारण ते तीन माणसांच्या हयातीपुरते भाडेपट्ट्याने दिलेले असते आणि जॉन त्यांतला शेवटचा. बेघर कुटुंब किंग्सबीअरला पोहोचते आणि डर्बरव्हिलांच्या खिडकीखाली पलंग मांडते. पूर्वज आत संगमरवराखाली, वंशज बाहेर भिंतीलगत. टेस आत जाते, तर एका थडग्यावर पुतळ्यासारखा पडलेला असतो ॲलेक, उसन्या नावाचा धनी.

याच्या शेजारी टी. एस. एलियटची ‘ईस्ट कोकर’ (१९४०) ही कविता ठेवून पाहावी. सॉमरसेटमधल्या या खेड्यातून सतराव्या शतकात अँड्र्यू एलियट अमेरिकेला गेला. सेंट लुईसमध्ये जन्मलेला त्याचा वंशज १९३७मध्ये ते गाव पाहायला आला. शोध आडनावाचा होता, पण कवितेत गावाच्या नावाखाली दिसतात ती शेकोटीभोवती नाचणारी बिननावाची माणसे. नाव शोधायला जाऊन निनावींपाशी पोहोचणे, हे या कवितेचे मोठेपण आहे. तरीही तिथे एक गाठ राहते. तो नाच एलियट वर्णन करतो तो सर टॉमस एलियट या आपल्या नामबंधूच्या शब्दांत आणि जुन्या स्पेलिंगमध्ये. ते पुस्तक आहे १५३१चे, राज्य करणाऱ्यांच्या शिक्षणाविषयीचे. म्हणजे खेडूत दिसतात, पण सरदाराच्या नजरेतून. १९६५मध्ये कवीच्या अस्थी त्याच गावच्या चर्चमध्ये ठेवल्या गेल्या. परत आलेल्या आडनावाला भिंतीच्या आत जागा मिळाली.

यात कवीचा दोष काढायचा नाही. पूर्वज सोडून गेलेल्या गावी परतावे, ही ओढ खरी असते आणि तिच्यातून मोठी कविता जन्मली. पण हार्डी आणखी एक पाऊल पुढे जातो. गाव सोडणे ज्यांना परवडले त्यांच्या परतण्याची गोष्ट तो सांगत नाही. गावातच राहिलेल्यांना तेच नाव किती महाग पडते, ते तो दाखवतो.

मराठीत कुलवृत्तांत चाळणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. वंशवृक्षाच्या फांद्या पुरुषांच्या नावाने वाढतात. लेकी लग्नापाशी थांबतात आणि काही मुले कुठल्याच फांदीवर नसतात. म्हणून वंशावळ हाती आली की तिच्यातल्या पहिल्या पुरुषाइतकेच तिच्यातल्या रिकाम्या जागांकडेही पाहायला हवे. टेसने बाळाच्या कबरीवर छोटा लाकडी क्रूस रोवला आणि मुरंब्याच्या बरणीत फुले ठेवली. त्या घराण्याच्या साऱ्या कागदपत्रांत न सापडणारी ती नोंद हार्डीने केली.