पेपर किती, आणि परिणाम किती? : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संशोधनाची चिकित्सा



नांदेडला काय, लातूरला काय, दोन प्राध्यापक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: पेपर किती झाले? २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीला एपीआयचे गुण जोडले आणि हा प्रश्न पोटापाण्याचा झाला. दुसरं माप एच-निर्देशांकाचं. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ते २००५ साली सुचवलं. ज्याचे वीस निबंध निदान वीस-वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा निर्देशांक वीस. हिशेब सोपा आहे. पण उद्धृत होणं म्हणजे प्रभाव पडणं, हे गृहीत कुणी तपासलं? तत्त्वज्ञानाच्या माणसाला गृहीतावर बोट ठेवायची सवय असते, म्हणून आज एक उदाहरण घेऊन बसलो आहोत.

उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेतर्फे तिथं काम करू लागले. महाराष्ट्र त्यांना समाजसेवक म्हणून ओळखतो, पुरस्कार देतो, हार घालतो. पण त्यांचं मुख्य काम संशोधनाचं आहे. हार घातला की चिकित्सा थांबते, ही आपली जुनी खोड. ती आज थोडी बाजूला ठेवू.

तीन निबंध बघू. तिन्ही ‘लॅन्सेट’मधले.

पहिला १९८९ चा, पहिलं नाव राणी बंग यांचं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तक्रार असो वा नसो. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच शासनाच्या कागदावर होतं. या निबंधानं उत्तर दिलं त्याहून जास्त प्रश्न बदलला.

दुसरा १९९० चा, बालकांच्या न्यूमोनियावर. गावातल्या कमी शिकलेल्या माणसांनी मिनिटातले श्वास मोजायचे आणि औषध द्यायचं. मोजता येत नसेल तर? त्यासाठी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूचं घड्याळ संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. आम्हाला यात मोठं तत्त्व दिसतं. ज्ञान खरं की खोटं हे एक, आणि ते कुणाच्या हातात देता येतं हे दुसरं. विद्यापीठं पहिल्याची परीक्षा घेतात, दुसऱ्याची घेत नाहीत.

तिसरा १९९९ चा, सगळ्यात गाजलेला. ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत. वजन करत, ऊब देत, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले; तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. म्हणजे तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही मिलची व्यतिरेक पद्धती शिकवली. दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे, फरक एकाच गोष्टीचा. मग परिणामातला फरक त्याच गोष्टीमुळे. गडचिरोलीचा प्रयोग याच जातीचा. पण मिलची अट कडक आहे: बाकी सगळं सारखं हवं. इथं गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. शिवाय उपाय करणारी संस्था आणि मृत्यू मोजणारी संस्था एकच. यानं निष्कर्ष पडत नाही, पण ‘गडचिरोलीत खरं ते सर्वत्र खरं’ हे वाक्य मात्र आपोआप सिद्ध होत नाही. आणि तुलनेच्या गावांत जी बाळं गेली, त्यांचं आपण काय देणं लागतो? तिथं सरकारी सेवा चालू होती, हे उत्तर नियमात बसतं. मनाला पुरत नाही.

आता प्रभावाकडे या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारतात ‘आशा’ताई सहा-सात भेटी देतात, त्यासाठी अडीचशे रुपये ठरले. एवढा प्रवास फार थोड्या भारतीय निबंधांच्या वाट्याला येतो. पण वाटेत काय गळालं, तेही बघा. आशाताईच्या पिशवीत ती सिरिंज नाही. भेट उरली, फॉर्म उरला, उपचाराचा अधिकार गेला. बांगलादेशात सिल्हेटला इंजेक्शनसह प्रयोग झाला, तिथं घट ३४ टक्के. घानात भर सल्ल्यावर आणि दवाखान्यात पाठवण्यावर होता, तिथं जेमतेम ८ टक्के, तीही संख्याशास्त्रानं पक्की नाही. घानात मुळात मृत्यू कमी होते, दवाखान्यातली बाळंतपणं जास्त होती, हे मान्य. तरी शंका उरतेच: आपण उपाय उचलला की उपायाचं नाव उचललं? उद्धरणांच्या आकड्यात दोन्ही सारखेच मोजले जातात. संशोधनाचा प्रभाव मोजायचा तर गावापासून धोरणापर्यंत जाताना त्यातलं किती शिल्लक राहिलं, हे मोजलं पाहिजे असं आमचं म्हणणं आहे.

आता आपल्या अंगणात. १९८९ चा निबंध येऊन तीस वर्षं झाली आणि २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न उठला. शासकीय समितीनं सुमारे ८२ हजार स्त्रियांची माहिती घेतली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पांढरं जाणं, पोटदुखी, याच त्या तक्रारी, ज्यांवर राणीताईंनी बोट ठेवलं होतं. निबंध जगभर पोचला, बीडच्या फडावर नाही पोचला.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यांत १२ नवजात होते. चार दिवस गदारोळ झाला. पण ती बाळं कुठल्या तालुक्यातून, किती वजनाची, कितव्या दिवशी आली, आणि आणलीच गेली नाहीत अशी किती? रुग्णालयाच्या नोंदीत फक्त दारापर्यंत आलेला मृत्यू दिसतो. घरात गेलेलं बाळ दिसण्यासाठी गावाची नोंदवही लागते. बंगांच्या सगळ्या संशोधनाचा पाया ती नोंदवही आहे, ‘लॅन्सेट’ नंतर.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी १९९४ पासून आपलं स्वतंत्र विद्यापीठ आहे. वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, संख्याशास्त्राचे, समाजशास्त्राचे विभाग आहेत. किनवट किंवा जळकोट तालुक्यातली चाळीस गावं घ्या. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू तीन वर्षं लिहा, आणि लिहिलेलं ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यातून कदाचित एकच पेपर निघेल, त्याचे गुण थोडेच मिळतील. करणाऱ्या तरुण प्राध्यापकाची बढती मात्र त्यापायी अडता कामा नये. ती जबाबदारी आमच्यासारख्या निवड समित्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि आशाताई कुणी आल्या असतील तर आधी त्यांना बोलू द्या.