डेड पास्ट, द
आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) या अमेरिकन लेखकाची विज्ञानकथा (१९५६). भूतकाळ दाखविणाऱ्या ‘क्रोनोस्कोप’ यंत्रावर शासनाचे नियंत्रण असते. प्राचीन कार्थेजमध्ये बालबळी देत नसत, हे सिद्ध करू पाहणारा इतिहासकार पॉटर्ली एका तरुण भौतिकीविज्ञास असे यंत्र गुप्तपणे बनविण्यास प्रवृत्त करतो. या ध्यासामागे आगीत दगावलेल्या मुलीविषयीची अपराधी भावना दडलेली आहे. यंत्राची दृष्टी मात्र शतक-सव्वाशतकापलीकडे पोहोचत नाही. नुकताच सरलेला क्षणही भूतकाळच असल्याने पुरातत्त्वास निरुपयोगी ठरलेले हे साधन खाजगी जीवनास घातक ठरते. संवादांतून येणारी स्पष्टीकरणे लांबली असली, तरी संशोधनस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या वाचकास अखेरीस त्याच बाजूविषयी साशंक करण्यात कथेचे सामर्थ्य आहे.