‘टॉक्सोफिलस’ ग्रंथांतील धनुष्यकर्म

रॉजर ॲस्कम या आंग्ल पंडिताचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ इ. स. १५४५ मध्यें लंडन येथें छापून प्रसिद्ध झाला. धनुर्विद्येवर इंग्रजी भाषेंत निघालेला हा पहिला ग्रंथ होय. इंग्लंडच्या लांब धनुष्याविषयीं जो कोणी लिहितो त्यास या ग्रंथाच्या दारावरून जावेंच लागतें. बाण कसा लावावा, दोरी कशी ओढावी हें तर त्यांत आहेच. पण धनुष्य घडविण्याची कृतिही त्यांत असलीच पाहिजे, असें मानण्याकडे वाचकाचा सहज कल होतो. ही समजूत कितपत खरी आहे एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. आमच्या मतें घडणीविषयीं ग्रंथांत एकच पुरें वाक्य आहे. त्या वाक्यांत सर्व कांहीं आहे, परंतु त्याचा अर्थ ग्रंथांतून लागत नाहीं. तो लांकडांतून लावावा लागतो.

प्रथम ग्रंथकाराविषयीं दोन शब्द. ॲस्कम हा केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत ग्रीक शिकवी. पुढें तो राजकन्या एलिझाबेथ हिचा गुरु झाला, आणि त्याचा ‘स्कूलमास्टर’ हा अध्यापनावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० त निघाला. ‘टॉक्सोफिलस’ त्यानें आठव्या हेन्री राजास अर्पण केला व त्याबद्दल त्यास सालीना १० पौंडांची नेमणूक मिळाली. ग्रीक किंवा लॅटिन भाषेंत लिहिणें आपणांस अधिक सोपें गेलें असतें, तरी इंग्रज लोकांसाठीं इंग्रजींतच लिहितों, असें तो प्रस्तावनेंत निक्षून सांगतो. देशभाषेची लाज बाळगणारे पंडित आमच्याकडेही कांहीं थोडे होऊन गेले नाहींत. त्यामुळें या धिटाईचें मोल मराठी वाचकास वेगळें सांगावयास नको.

ग्रंथ संवादरूप आहे. टॉक्सोफिलस म्हणजे धनुष्यप्रिय आणि फिलोलोगस म्हणजे विद्याप्रिय, असे दोघे मित्र बोलत असतात. पूर्वार्धांत धनुर्विद्येची थोरवी गाइली आहे. ग्रीक व रोमन ग्रंथांतील दाखल्यांची तेथें इतकी गर्दी आहे कीं मूळ मुद्दा शोधावा लागतो. ही खोड पंडितांस कोणत्याही देशांत सुटलेली नाहीं. उत्तरार्ध मात्र खरा कामाचा आहे. उभें राहणें, बाण दोरीस लावणें, ओढणें, धरणें व सोडणें हीं त्याचीं पांच अंगें आजही तीरंदाज सांगतात. वाऱ्याविषयीं त्यानें जें लिहिलें आहे तें तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहितांच येणार नाहीं.

आतां धनुष्याचें प्रकरण. यू नांवाच्या सदाहरित वृक्षाचें लांकूड सर्वांत उत्तम, एल्म व ॲश हीं त्याच्या खालचीं, असा क्रम तो लावतो. धनुष्य निवडतांना शिरा टोंकापासून टोंकापर्यंत सरळ गेल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. विकत घेतल्यावर तें मैदानांत चालवावें, कोठें अधिक वांकतें तें हेरावें, आणि मग चांगल्या धनुष्काराकडे परत नेऊन आंखूड व गोलसर वांकेल असें करून घ्यावें, असें तो सांगतो. हा सारा उपदेश गिऱ्हाइकास केलेला आहे. संवादांत बोलणारे दोघेच. एक चालविणारा, दुसरा वाचणारा. घडविणारा तिसरा पुरुष त्यांच्या बैठकीस बोलाविलेलाच नाहीं. कच्चा माल विकणाऱ्या धनुष्कारांवर रागावून ग्रंथकार एकदांच त्यांस उद्देशून बोलतो. लांकूड नीट मुरवा, चांगलें घडवा, नीट दबवा, योग्य तेवढा शेक द्या आणि टिलरवर पुष्कळ वेळां चढवा, असा त्या वाक्याचा मथितार्थ आहे. हें सूत्र झालें. यावर भाष्य नाहीं.

तें भाष्य धनुष्य घडविणारांच्या कृतींत सांपडतें. यूचा ओंडका करवतीनें न कापतां पाचरी ठोकून उभा फोडतात, म्हणजे फूट शिरांच्या वळणानें जाते. फांका सावकाश वाळूं देतात. ओलें लांकूड वांकेल, पण वांकलेलेंच राहील. धनुष्याची तीरंदाजापासून दूरची बाजू ती पाठ आणि त्याच्याकडची तें पोट. दोरी ओढली कीं पाठ ताणली जाते व पोट चेपलें जातें. यूच्या सालीलगतचें पांढुरकें लांकूड ताण सोसतें, आणि गाभ्याचें तांबूस लांकूड दाब सोसतें. म्हणून पाठीस पांढुरकें व पोटास तांबूस असा जोड एकाच फांकेंत निसर्गतः मिळतो. पाठीच्या शिरा तोडावयाच्या नाहींत. जें कांहीं तासावयाचें तें पोटाकडून तासावयाचें.

येथपर्यंत सुताराच्या हातचें काम आहे. पुढें तें निराळें होतें. टिलर म्हणजे एक लांकडी पट्टी. तिच्या एका टोंकास धनुष्याची मूठ बसेल अशी खोबण असते आणि लांबीवर अंतराअंतरानें खांचा पाडलेल्या असतात. दोरी ओढून पहिल्या खांचेंत अडकवावयाची, आणि चार पावलें मागें सरून दोन्ही बाहूंचा वांक पाहावयाचा. जेथें बाहु ताठ राहिला असेल तेथेंच पोटाकडून किंचित् खरवडावयाचें. जेथें अधिक वांकत असेल तेथें हात लावावयाचा नाहीं. मग पुढची खांच. दोष दिसत असतां दोरी पुढें ओढली तर कमजोर जागा आणखी कमजोर होते व तेथें बिजागरीसारखा मोड पडतो.

‘पुष्कळ वेळां’ या शब्दांत काय भरलें आहे तें आतां दिसेल. लांकडाच्या पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणांत बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो. रुंदी दहाव्या हिश्श्यानें कमी केली तर ताठपणा दहाव्या हिश्श्यानेंच घटतो. जाडी तितकीच कमी केली तर तो चतुर्थांशाहून अधिक घटतो. म्हणजे बोटास न कळणारा फरक वांकास कळतो. शिवाय खरवडल्याचा परिणाम तत्काळ दिसत नाहीं. धनुष्य वीस-पंचवीस वेळां हलकेंच ओढल्यावर लांकूड आपला नवा वांक दाखवितें. घाई करणारा त्यापूर्वींच पुन्हा खरवडतो आणि धनुष्य मुलाच्या खेळण्याइतकें हलकें करून बसतो. तासलेलें लांकूड परत चिकटवितां येत नाहीं. तेव्हां ‘पुष्कळ’ हें विशेषण अलंकारासाठीं नाहीं; त्यांत सगळी कृति आहे.

येथें ग्रंथकारास त्याचें श्रेय दिलें पाहिजे. पोटाकडील लांकूड दाबानें चुरून ज्या बारीक आडव्या रेघा उमटतात, त्यांवर त्यानें एक उपाय सांगितला आहे. ती जागा प्रथम चिमटल्यासारखी दिसते. तशी दिसतांच तिच्या आसपासचा भाग थोडा कमजोर करावा, म्हणजे सर्वत्र सारखा वांक येईल. टिलरचें तत्त्व हेंच. दोष असलेल्या जागीं भर घालतां येत नाहीं, म्हणून शेजाऱ्यांस तिच्या पायरीवर आणावयाचें. तत्त्व ॲस्कमला अवगत होतें यांत शंका नाहीं. परंतु तें त्यानें दुरुस्तीच्या सदरांत टाकलें, आणि घडणीच्या सदरांत त्याचा उल्लेख केला नाहीं. त्यामुळें तें वाचणाराच्या नजरेंतून निसटतें.

ग्रंथाची परीक्षा करण्यास एक विलक्षण साधन उपलब्ध आहे. ज्या सालीं ‘टॉक्सोफिलस’ छापला त्याच १५४५ सालीं, १९ जुलै रोजीं, ‘मेरी रोझ’ हें आठव्या हेन्रीचें लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालें. १९८२ त त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. गाळांतून सव्वाशेंहून अधिक अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. त्यापूर्वीं लढाऊ लांब धनुष्याचे नमुने फारच विरळ होते, आणि खेळाच्या हलक्या धनुष्यांवरून जुन्या युद्धांचा हिशेब बांधण्याचा मोह अनेकांस होई. ‘मेरी रोझ’चीं धनुष्यें साडेसहा फुटांच्या आसपास लांब आहेत, त्यांची ओढ सुमारें शंभर पौंडांपासून १८० पौंडांपर्यंत असावी असा अदमास केला जातो. पाठीस पांढुरकें व पोटास तांबूस लांकूड त्यांत स्पष्ट दिसतें. हत्याराच्या खुणा आहेत, धनुष्कारांचीं चिन्हेंही आहेत. इतकें जड धनुष्य एका हातानें ओढून धरावें आणि त्याच वेळीं त्याचा वांक न्याहाळावा हें कोणासही साधणार नाहीं. टिलरची आवश्यकता येथें डोळ्यांना दिसते. ॲस्कमचें एक वाक्य आणि हीं धनुष्यें शेजारीं ठेवलीं तरच दोन्ही बोलूं लागतात.

हें मौन एकट्या ॲस्कमचें नाहीं. आम्हीं शाळेंत मौर्वी, ज्या, शिञ्जिनी, गुण हे दोरीचे पर्याय पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले. अमरकोशांत टोंकास कोटि व अटनी, मधल्या मुठीस लस्तक असे शब्द आहेत. परंतु पाठ, पोट आणि वांक समान करण्याची क्रिया यांस त्याच वर्गांत शब्द नाहींत. चालविणारास जें दिसतें व हातीं लागतें त्यास नांवें मिळालीं. कौटिल्य आयुधागाराच्या प्रकरणांत ताड, वेळू, लांकूड व शिंग अशीं धनुष्याचीं द्रव्यें आणि मूर्वा, रुई, ताग, स्नायु इत्यादि दोऱ्यांचीं द्रव्यें मोजून देतो. तें अध्यक्षाच्या कोठाराचें टिपण आहे. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायांत इषुकार, धनुष्कार आणि ज्याकार हे वेगवेगळे सांगितले आहेत, तेवढ्यावरून हे धंदे फार जुन्या काळींच विभागले होते एवढें ठरतें. लंडनमध्यें बाण करणारांनीं धनुष्कारांपासून वेगळें होण्याचा अर्ज १३७१ त केला. अर्ज राहिला, ज्या हातांनीं काम केलें त्यांचें तंत्र कागदावर आलें नाहीं.

तें कागदावर येऊं शकतें याचा पुरावा अमेरिकेंत आहे. याही जमातीचा इशी हा १९११ त कॅलिफोर्नियांत एकटाच सांपडला व १९१६ त वारला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरानें त्याच्याशेजारीं बसून त्याची धनुष्य करण्याची रीत पाहिली, स्वतः करून पाहिली, आणि १९१८ त व पुढें १९२३ त तें प्रसिद्ध केलें. पोप हा ॲस्कमएवढा शैलीकार खचित नव्हे. पण धनुष्य कसें होतें हें त्याच्या पुस्तकावरून कळतें, कारण तो घडविणाराच्या अंगणांत जाऊन बसला.

तेव्हां ‘टॉक्सोफिलस’ हा तीरंदाजीचा अव्वल दर्जाचा साक्षीदार आहे, आणि धनुष्याच्या बाजाराचाही. घडणीविषयीं त्यास साक्षीस उभा करूं नये. केल्यास त्याची उलटतपासणी लांकडाकडून करावी. जाणकारानें एक शब्द तरी पुन्हा तपासण्याजोगा आहे. वर आम्हीं ‘दबवा’ असें केलें तें मुळांत ‘सिंक’ आहे. तोच शब्द ॲस्कम धनुष्काराच्या कामास लावतो आणि जड बाण सोडून धनुष्य मुरविणाऱ्या तीरंदाजाच्या कामासही लावतो. दोन्हीकडे वांकाची संवय लावणें हाच अर्थ आम्हांस दिसतो, बुडविणें किंवा खोल करणें हा नव्हे. ‘शेक’ हा मात्र वांकडी फांक सरळ करण्यापुरता असावा, कारण यू उष्णतेनें मऊ होतें. आर्बरची १८६८ ची आवृत्ति हाताशीं ठेवून जो कोणी सटीप संस्करण काढील, त्यानें या दोन शब्दांवरच्या टिपा कोशावरून न लिहितां धनुष्काराच्या तोंडून लिहून घ्याव्या, आणि टिलरचें एक रेखाचित्र जोडावें.