अकरावीच्या गणितातील सिद्धतेचे स्थान : एक चिकित्सा

प्रस्तावना : उच्च माध्यमिक स्तरावर सीमा, सातत्य, विकलज अशा अमूर्त संकल्पनांमुळे गणिताचे स्वरूप पालटते. ‘उत्तर किती?’ याइतकाच ‘ते खरे कशावरून?’ हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. एनसीईआरटीचे अकरावीचे गणिताचे पाठ्यपुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी २०२२ मध्ये त्यातून ‘गणितीय विगमन’ व ‘गणितीय तर्क’ ही प्रकरणे वगळण्यात आली. या निर्णयाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : विकलजाची ओळख हे पुस्तक उंच कड्यावरून सोडलेल्या वस्तूच्या उदाहरणाने करून देते. पहिल्या सेकंदाच्या अखेरीपासून दुसऱ्याच्या अखेरीपर्यंत तिचा सरासरी वेग सेकंदाला १४.७ मीटर येतो. दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीजवळचा कालावधी लहान करत नेला की तो १९.६ कडे सरकतो. ही मांडणी निश्चितच प्रशंसनीय आहे.

तथापि, ‘क्ष’च्या ‘न’व्या घाताच्या विकलजाचे सूत्र मूळ पुस्तकात दोन मार्गांनी सिद्ध केले आहे. पहिला मार्ग द्विपद प्रमेयाचा व दुसरा थेट विगमनाचा. द्विपद प्रमेयाची सिद्धताही विगमनावरच आधारलेली आहे. म्हणजेच विगमनाचे प्रकरण गेल्यावर दोन्ही मार्गांचा पाया निखळतो. सूत्र तेवढे शिल्लक राहते.

काही उदाहरणे पडताळली की पुरे, असे यावर म्हटले जाईल. परंतु ऑयलरची प्रसिद्ध राशी पाहावी : ‘न’चा वर्ग अधिक ‘न’ अधिक ४१. ‘न’ला ० पासून ३९ पर्यंतच्या किमती दिल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते. ४० ही किंमत देताच १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग मिळतो. चाळीस पडताळण्यांनंतरही नियम कोसळतो. पडताळणी व सिद्धता यांतील हे अंतर विगमनाच्या अभ्यासातून स्पष्ट होते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात विगमन व द्विपद प्रमेय एकाच प्रकरणात आहेत. ही रचना तर्कदृष्ट्या अधिक सुसंगत वाटते.

समारोप : प्रकरण वगळल्याने पाने कमी झाली, पण विद्यार्थ्याचे ओझे हलके झाले असे म्हणता येत नाही. ज्या सूत्राचे कारण सांगितले जात नाही, ते पाठ करावे लागते. भार कमी करायचाच असेल, तर तो एकाच प्रकारच्या उदाहरणांचा करावा, सिद्धतेचा नव्हे.